अमेरिकेत कोण येणार

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की परतुरात धम्मपाल सरांच्या घरी माणसांची ये-जा वाढायची. सर इथल्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मागं एकदा गावातल्या साप्ताहिकात त्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदावर लेख लिहिला होता. टीव्हीवर सगळे एका उमेदवाराचं नाव घेत असताना सरांनी दुसऱ्याचं घेतलं आणि तोच निवडून आला. चार वर्षांनी लोकांनी पुन्हा विचारलं, सरांनी पुन्हा सांगितलं, तेही बरोबर निघालं. तेव्हापासून ते 'अमेरिकावाले सर' झाले. कापसाच्या आडतीवरची माणसं पैज लावायच्या आधी त्यांना फोन करायची. जालन्याचा एक यूट्यूबवाला कॅमेरा घेऊन दोनदा येऊन गेला.

या खेपेला सरांनी फोन उचलणंच कमी केलं होतं. सकाळी ते लॅपटॉपवर तिकडच्या राज्यांचे आकडे बघत बसायचे, कारण सवय सुटत नव्हती. बघून झालं की डोळे मिटून खुर्चीत पडून राहायचे.

"एवढं दमायला होतंय तर बघता कशाला?" भावनाताई, त्यांच्या बायको, विचारायच्या.

"लोक विचारतात."

"मंग सांगा ना, मला माहीत न्हाई म्हणून."

"सांगितलं. त्यांना वाटतं मी लपवून राह्यलो."

दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. संध्याकाळी अप्पाराव आले. अप्पाराव एसटीतले निवृत्त कंडक्टर. नोकरीची पहिली बारा वर्षं सर आष्टीहून रोज सकाळच्या गाडीनं परतूरला यायचे, तेव्हाची ही ओळख. गाडी भरलेली असली की अप्पाराव आपली जागा सरांना द्यायचे आणि स्वतः दाराशी उभे राहायचे. सर त्या जागेवर बसून पेपर तपासायचे. त्या ओळखीवर अप्पारावांनी आजवर सरांकडे काही मागितलं नव्हतं.

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. पाणी प्याले.

"सर, एकच विचारायचंय. अमेरिकेत कोण येईल?"

सर थकल्यासारखे हसले. "तुम्हीसुद्धा, अप्पाराव?"

"मला पैज न्हाई लावायची." अप्पारावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमची प्रिया तिकडं हाये, तुमाला माहीत हाये. सहा वर्षं झाली. तिच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. तिकडं राहायला अडचण न्हाई, पण एकदा का इकडं आली, की नवा शिक्का मिळाल्याबिगर वापस जाता येत न्हाई. ती म्हणती, एक जण आला तर शिक्के जल्दी मिळतील, दुसरा आला तर अडकवून ठेवतील. म्हणून निकाल लागला की यायचं ठरवते म्हणती. मी म्हणलं, थांब, मी सरांला विचारतो. त्यांचं दोनदा बराबर निघालंय."

"यायचं कशासाठी आहे?"

"द्वारकाला बघायला."

अप्पारावांच्या बायको द्वारकाबाई आजारी आहेत हे सरांना ठाऊक होतं. पोटाचा कॅन्सर, संभाजीनगरला उपचार चाललेले. पुढचं त्यांनी विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"घरी न्या म्हणले." अप्पाराव जमिनीकडे बघत होते. "आणलं. झाले आठ दिवस."

निवडणुकीला अजून एकवीस दिवस होते. सरांनी तो हिशेब मनात केला आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. भावनाताई चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात घेऊन तशाच थांबल्या.

"अप्पाराव," सर म्हणाले, "तुम्हाला एक सांगतो. हिलाही कधी सांगितलं नाही. तो पहिला लेख होता ना, तो काकासाहेबांनी मागितला होता. ते साप्ताहिक काढायचे. म्हणाले, सर, चार जणांनी लिहून दिलंय आणि चारही जण एकाच बाजूनं बोलून राह्यलेत. अंकात दुसरी बाजू पाहिजे, तेवढी तुम्ही लिहा. मी लिहिली. मला स्वतःला वाटत होतं की तो पडणार."

अप्पारावांनी वर पाहिलं.

"निकाल लागला तेव्हा लोक हार घेऊन आले. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं, म्हणून मी गप्प बसलो. दुसऱ्या वेळी तर निम्मं जग जे म्हणत होतं तेच मी म्हणालो."

"पण बराबर निघालं ना, सर."

"निघालं. मी काढलेलं नव्हतं."

चहावर साय धरली.

"मंग पोरीला काय सांगू?"

"माय घरी आणलीय, हे तिला माहीत आहे?"

अप्पारावांनी मान हलवली. माहीत नव्हतं.

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं तर ती लगेच निघल. निघाली आन् अडकली तर तिचं तिकडचं समदं माझ्या एका शब्दानं मोडल. मला वाटलं, तुमी म्हणताल, सोपा माणूस येणार हाये. मंग मी तिला बिनघोर ये म्हणलो असतो."

"आणि मी दुसऱ्याचं नाव घेतलं असतं तर?"

अप्पारावांनी टोपी उचलली, परत गुडघ्यावर ठेवली.

"फोन लावा," सर म्हणाले. "तिकडं सकाळ झाली असेल."

प्रियानं लगेच उचलला. फोन स्पीकरवर होता. तिनं सरांना नमस्कार केला, भावनाताईंची चौकशी केली आणि विचारलं, "सर, काय वाटतं तुम्हाला? मी रोज सर्व्हे बघते. एक दिवस हा पुढं, एक दिवस तो."

"मला खरंच माहीत नाही, प्रिया. मागच्या वेळीही नव्हतं. त्याच्यावर काही ठरवू नकोस. बाबांना तुला काही सांगायचंय."

त्यांनी फोन अप्पारावांच्या हातात दिला. अप्पारावांनी तो तोंडाजवळ धरला, नुसताच धरून बसले.

"बाबा?"

"तुझी माय आता जेवत न्हाई, बाई," अप्पाराव म्हणाले.

तिनं हळूच विचारलं, "कधीपासून?"

"दवाखान्यातून आणल्यापासून. दोन चमचे पाणी जातं. तुझं नाव घेती."

"मी निघते," प्रिया म्हणाली.

पाचव्या दिवशी ती परतूर स्टेशनवर उतरली. त्यानंतर द्वारकाबाई नऊ दिवस जगल्या. पहिले चार दिवस त्यांना लेक ओळखू येत होती. प्रिया त्यांचे केस विंचरायची, पेज भरवायची, ती बाहेर आली की तोंड पुसायची. भावनाताई रोज दुपारी तिथं जाऊन बसत, म्हणजे तिला तासभर पाठ टेकता यावी. शेवटचे पाच दिवस द्वारकाबाई नुसत्या पडून होत्या. त्यांचा हात मात्र प्रियाच्या हातात असायचा.

तिकडचा निकाल लागला तेव्हा घरात दहावा व्हायचा होता. यूट्यूबवाल्याचे सकाळपासून सात फोन येऊन गेले होते. दुपारी सर अप्पारावांच्या घरी गेले. प्रिया ओट्यावर बसली होती. शेजारच्या घरातल्या टीव्हीवर निकालाचीच चर्चा चालली होती, स्पष्ट ऐकू येत होती.

"लागला, सर," ती म्हणाली.

"ऐकलं."

"आता त्याचं काहीच न्हाई राहिलं. मला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख फेब्रुवारीची मिळालीय. मतदानाच्या आधीच मिळाली होती. कोणीही आला असता तरी तीच राहिली असती. कंपनी म्हणती, डिसेंबरपर्यंत थांबू, पुढं जमणार न्हाई."

सर ओट्यावर टेकले. "मी तुला थांब म्हणालो असतो तर..."

"तर मी थांबले असते," प्रिया म्हणाली. "तीन महिने तेच करत होते. आकडे बघत बसलं की घरी फोन करून नीट विचारावं लागत न्हाई. बाबांच्या आवाजावरून मला कळत होतं, सर. न्हाई असं न्हाई."

ती रडली नाही. रडून झालेलं होतं. सर तिच्याशेजारी बसून राहिले. खरं बोलल्यानं हलकं वाटेल अशी त्यांची समजूत होती, तसं काही वाटत नव्हतं. पाय दुखत होते आणि घरी जाऊन पडावंसं वाटत होतं. तरी ते दिवे लागेपर्यंत उठले नाहीत.

डिसेंबरात तिकडची नोकरी गेली. प्रियानं पुण्यात दुसरी शोधली. तिकडच्या घरातलं सामान तिच्या मैत्रिणीनं चार खोक्यांत भरून ठेवलं. अप्पाराव त्याबद्दल एकदाही काही बोलले नाहीत. फक्त एकदा बाजारात सर भेटले तेव्हा म्हणाले, "द्वारकानं तिच्या हातचं खाल्लं, सर. चार दिवस का व्हईना."

जानेवारीत ती पुण्याला निघाली त्या दिवशी सर स्टेशनवर गेले. गाडी दीड तास उशिरा होती. ऊन चांगलं होतं. तिघं बाकावर बसले. अप्पाराव तुरीबद्दल बोलत होते, यंदा शेंग कशी भरली ते. प्रिया मधूनमधून हूं म्हणत होती. ऐकता ऐकता सरांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा फलाट मोकळा होता. अप्पाराव शेजारीच बसलेले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून.

"गाडी गेली?"

"गेली, झाले चाळीस मिन्टं."

"उठवायचं ना मला."

"म्हणलो होतो मी उठवतो," अप्पाराव म्हणाले. "प्रियाच म्हणली, ऱ्हाऊ द्या, झोपू द्या त्यांला."