तिसऱ्यांदा दाबलेलं बटण

बसा हो, उभे का? तुमच्या कीबोर्डवर चहा सांडलाय, तो वाळायला अर्धा तास जाणार. मी फुंकर मारली म्हणून लवकर वाळत नाही. तोवर एका बटणाची गोष्ट सांगतो. एका बटणापायी तीन मजल्यांची कंपनी कशी येडी झाली आणि माझ्या भाचीची नोकरी त्यात कशी अडकली, ते ऐका. खोटं वाटलं तर हा घ्या स्क्रूड्रायव्हर आणि मला उघडून बघा.

भाची म्हणजे सख्ख्या बहिणीची मुलगी. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीत लागली होती, अजून कायम व्हायची होती. काम काय, तर ड्रायव्हर लिहायचे. मला वाटलं, गाड्यांवर माणसं भरते की काय. मग तिनं समजावलं. वरच्या ओळीत चित्रांची बटणं असतात ना, आवाजाचं, उजेडाचं, विमानाचं, ती साधी अक्षरं नसतात. ती दाबली की आतून नुसता एक नंबर येतो. तो नंबर ऐकून पुढं काय करायचं ते ठरवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. म्हटलं, म्हणजे ऑफिसातला शिपाईच की. घंटी वाजली, कुठल्या साहेबाची ते ओळखायचं आणि पळायचं. म्हणाली, हो मामा, तसाच, फक्त ह्याला दुपारची झोप नाही.

तर कंपनीच्या नव्या मॉडेलवर एक खास बटण होतं, माईक बंद करायचं. दाबलं की बटणावर लाल दिवा लागणार. म्हणजे आता तुमचं बोलणं पलीकडं जात नाही, बिनधास्त बोला. जाहिरातीत सगळा फोटो त्या बटणाचाच, लॅपटॉप आपला मागं कुठंतरी धूसर.

एक दिवस मोठे साहेब त्याच मॉडेलवरून एका बड्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. गिऱ्हाइकानं विचारलं, माल कधी मिळेल. साहेबांनी बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि शेजारच्याला म्हणाले, "वर्षभर तरी काही होत नाही. पुढच्या महिन्याचं सांगून टाकू, ह्यांना काय कळतंय." मग पुन्हा बटण दाबलं, दिवा विझला, चेहरा गोड केला आणि सांगितलं, पुढच्या महिन्यात नक्की.  पलीकडच्या एक बाई म्हणाल्या, वर्षभराचं आम्ही आधीच ऐकलंय.

चौकशी बसली. तुम्हाला वाटेल, खोटं बोलल्याची. छे हो. ऐकू गेल्याची.

लॅपटॉपच्या आतला सर्किटचा बोर्ड बनवणाऱ्या खात्यानं हात वर केले, की दिवा लागला ना, मग आमचं काम चोख. तपासणीवाल्यांनी कागद काढला. शंभर मशीनवर बटण दाबून पाहिलेलं, शंभर वेळा दिवा लागलेला. माईकमध्ये कुणी बोलून बघितलं का? कागदावर तसा रकानाच नव्हता. मग खापर फोडायला डोकं कुणाचं उरलं, तर कायम न झालेल्या पोरीचं. तिच्या वरचे एक साहेब होते, शर्टाची घडी मोडेल म्हणून खुर्चीतसुद्धा टेकत नाहीत. मी त्यांना इस्त्रीसाहेब म्हणतो. ते म्हणाले, सोमवारपर्यंत दोष शोध. सापडला तर कायमचं पत्र, नाही सापडला तर टेबल रिकामं कर.

शनिवारी दुपारी पोरगी मशीन घेऊन इथंच आली, तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर बसली. तीन दिवस लिहिलेलं वाचून वाचून डोळे लाल. म्हणे, नंबर बरोबर येतो, माझा ड्रायव्हर माईक फिरवतो, चालू असला तर बंद, बंद असला तर चालू. चूक सापडत नाही.

आता मी सातवी नापास. तिचं लिहिलेलं मला काय कळणार? पण माझ्याकडं निम्मी मशीनं डिस्क मेलेली येतात. मी आपली सवयीनं डिस्क काढून बाजूला ठेवली. म्हणजे ड्रायव्हर राहतो ते घरच उचललं. नुसतं मशीन चालू केलं, बटण दाबलं. दिवा लागला. माईकच्या तारेवर मीटर लावलं, तर काटा खाली. माईक बंद.

पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. म्हटलं, अगं, तू घरात नसतानाही काम होतंय. बोर्ड स्वतःच माईक बंद करतो आणि वर तुला नुसतं कळवतो, की बाई, मी केलंय. तू उठून पुन्हा फिरवतेस. जिन्यातल्या दिव्यासारखं झालं. खालच्यानं विझवला, त्याच क्षणी वरच्यानं बटण दाबलं, जिना लख्ख. दोघंही छाती ठोकून सांगतात, आम्ही विझवला. आणि बटणावरचा लाल दिवा? तो बोर्डाच्या ताब्यातला, त्याला माईकचं सोयरसुतकच नाही. दाबलं की लागला, दाबलं की विझला.

दोन खाती एका इमारतीत, मध्ये एक जिना. पण विचारायला कोण चढणार?

तिनं तिथंच ड्रायव्हरमध्ये एक ओळ बदलली. हा नंबर आला की ऐकायचा आणि गप्प बसायचं. डिस्क लावली, करून पाहिलं. दिवा लाल, माईक बंद. मी तिला चहा पाजला आणि बहिणीला फोन केला की पोरगी कायम झाली समज. माझं तोंड म्हणजे ना.

सोमवारी बैठक. तिनं सगळं नीट मांडलं. मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे आपण नेमकं केलं काय?" ती म्हणाली, "काही करायचं नाही, एवढंच केलं." साहेबांचा चेहरा पडला. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, काहीच केलं नाही? ज्या मजल्यावर वीस माणसं काही न करता दर महिन्याला पगार घेतात, तिथं एका ओळीनं काही न केलेलं चालेना.

तेवढ्यात इस्त्रीसाहेबांना सुचलं. म्हणाले, बोर्ड एकदा फिरवतो, ड्रायव्हर दुसऱ्यांदा फिरवतो, तर आपण वरून आणखी एक प्रोग्राम टाकू, तो तिसऱ्यांदा फिरवेल. झाला की माईक बंद. त्याला नाव देऊ, ध्वनिसुरक्षा कवच. टाळ्या पडल्या हो. खऱ्या टाळ्या.

फक्त एक अडचण. पोरीची ओळ तशीच राहिली तर फिरवणारे पुन्हा दोनच. म्हणून तिनं आपली ओळ काढायची आणि ड्रायव्हर पहिल्यासारखाच बरोबर आहे म्हणून सही करायची. कायमचं पत्र तिथंच फायलीत तयार. उद्या सही, उद्या पत्र.

संध्याकाळी ती इथं आली. खोटं कशाला बोलू, मी म्हटलं, कर सही. मोठ्यांच्या डोक्याला आपण कशाला डोकं लावायचं, पोटाचं बघ. तिनं मला एकच विचारलं. "मामा, तू बटणाखालची तुटलेली क्लिप गोंदानं चिकटवून गिऱ्हाइकाला देतोस का?" म्हटलं, नाही. म्हणजे एकदा दिली होती, पण ते गिऱ्हाईक फारच खडूस होतं. ती हसली. पण हसून झाल्यावरही उत्तराची वाट बघत बसली.  मी उगाच एक स्क्रू घट्ट करत बसलो, तो आधीच घट्ट होता.

दुसऱ्या दिवशी तिनं कागद इस्त्रीसाहेबांपुढं सरकवला आणि म्हणाली, "ओळ बरोबर आहे, मी काढणार नाही. काढायची तर तुम्ही काढा, आणि सही तुमची करा." त्यांनी काढली. सही मात्र कुणीच केली नाही. पोरीचं टेबल दुपारी रिकामं झालं.

मशीनं बाजारात गेली, कवचासकट. चालतात की. फक्त ते कवच मशीन सुरू झाल्यावर मिनिटभरानं जागं होतं. त्या मिनिटात बटण दाबलं की दिवा लाल आणि माईक चालूच. आणि पुढं दिवसभर सगळं उलटं. दिवा लाल असताना गाव ऐकतंय, दिवा विझला की माणूस एकटाच बडबडतोय. कुणीतरी साहेबाला शिव्या देऊन बसतो, कुणाची सोयरीक मोडते, मग मशीन इथं येतं. पोरगी रोज चारनंतर त्या आतल्या खोलीत बसते, नवी नोकरी शोधते आणि लोकांच्या मशीनमधलं कवच काढून आपली ती ओळ घालून देते. बहीण माझ्याशी अजून धड बोलत नाही.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या ओळखीत कुणाकडं ते मॉडेल असलं तर त्याला चारनंतर इकडं पाठवा. आणि काम झाल्यावर त्यानं विचारलं, काय केलं, आणि पोरगी म्हणाली काही नाही, तर त्याला सांगून ठेवा, हसू नकोस म्हणावं.