चारशे बाराचे चारशे एकतीस

“वाढला! वाढला! अहो, पुन्हा वाढला!”

औषधांचं दुकान चालवणारे काका खुर्चीतून अर्धवट उठले, ते तसेच अधांतरी राहिले. समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर चारशे सतराचे चारशे अठरा झाले होते. शोरूममध्ये जमलेल्या पन्नास-साठ माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तर चक्क हात जोडले. कुणाला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

टेकडीच्या माथ्यावर त्या आलिशान विजेच्या गाडीचं शोरूम होतं. गाडीचं नाव ‘अनाहत’. पाहुण्यांना घेऊन ती फेरीला निघाली की तिच्या आतला आकडा थेट इथल्या पडद्यावर दिसायचा. उरलेल्या चार्जिंगवर गाडी अजून किती किलोमीटर धावेल, तो हा आकडा. आता गाडी धावली की हा आकडा उतरायला हवा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे मात्र गाडी धावत होती आणि आकडा चढत होता. चारशे बारावर निघालेली गाडी टेकडीखालच्या ‘अनुभव केंद्रा’त पोचली, तेव्हा पडद्यावर चारशे एकतीस होते. मग लगेच आकडा गेला, निळाशार समुद्र आला, त्यात एक भलामोठा देवमासा आला आणि संथ संगीत सुरू झालं.

“हिची बॅटरी रिकामी होत नाही,” काळ्या सुटातला विक्रेता हळुवार आवाजात म्हणाला. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ‘विक्रेता’ असं लिहिलेलंच नव्हतं, ‘मार्गदर्शक’ असं होतं. “ती फक्त अंतर्मुख होते. ही गाडी रस्त्याकडून ऊर्जा स्वीकारते. हिला तुम्ही चालवत नाही. ही तुम्हाला नेते.”

“कुठे नेते?” दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

मार्गदर्शक मंद हसला. असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी त्याने ते हसू राखून ठेवलं असावं.

विचारणारी होती धाकटी. एक्केचाळीस वर्षांची झाली तरी घरात ती धाकटीच. काम लिफ्ट दुरुस्तीचं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या भल्याभल्यांना तिने हाताला धरून बाहेर खेचलं होतं, त्यामुळे कडक इस्त्रीचा सूट बघून दबायची तिची सवय केव्हाच मोडली होती. आज सुट्टी टाकून ती इथे आली होती ती गाडी बघायला नव्हे. ताईसाठी आली होती.

ताईचं शिवणाचं दुकान होतं. चार मशीन, तीन मदतनीस बाया आणि अठरा वर्षांचं नाव. ते दुकान आज पाच वाजता विकलं जाणार होतं. घेणारा माणूस ठरला होता, कागद तयार होते, ते ताईच्या पर्समध्येच होते. फक्त तिची सही बाकी होती. भाऊजी कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरात येरझाऱ्या घालत होते आणि गेल्या महिन्यात त्यांनी हा आकडा चढताना बघितला. झालं! दुकान विकायचं, अनाहत घ्यायची आणि विमानतळाच्या प्रवाशांची ने-आण करायची. पेट्रोल नाही, चार्जिंगही जवळजवळ नाही, गाडी आपली आपण भरते आहे. त्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं की शेजारपाजारचेही पाठ म्हणायला लागले.

“माझा जीव आहे गं दुकानात,” ताई काल धाकटीला म्हणाली होती. “पण आकडा मीही बघितला. डोळ्यांनी बघितल्यावर मी यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू?”

रात्रभर धाकटीचा नुसता संताप झाला होता.

पुढच्या फेरीला भाऊजींचा नंबर लागला. पुढे ते, मागे धाकटी आणि औषधवाले काका. ताईला वळणांवर मळमळतं, म्हणून ती वरच पडद्यासमोर थांबली. गाडी चालवायला स्वतः मार्गदर्शक बसला, कारण “पहिली अनुभूती जाणत्या हातून” घ्यायची असते म्हणे.

दरवाजे मऊ आवाज करत बंद झाले. सीट अशी की काका त्यात बुडाले ते फक्त नाक वर राहिलं.

“एसी?” काकांनी कपाळ पुसत विचारलं.

“बंद ठेवतो आपण,” मार्गदर्शक म्हणाला. “गाडीची मूळ ऊब अनुभवा.”

काका मूळ ऊब अनुभवत घामाघूम झाले. गाडी वळणावळणाने निघाली. आवाज नाही, धक्का नाही, आणि खरं सांगायचं तर धाकटीलाही ती आवडली. उगाच खोटं कशाला बोला! आकडा चारशे बारा होता, पहिल्या वळणाला चारशे चौदा झाला. भाऊजींनी मागे वळून तिच्याकडे असं बघितलं की जणू हे दोन किलोमीटर त्यांनी स्वतःच्या खिशातून घातले होते.

“बघितलंस? आता बोल!”

धाकटी मार्गदर्शकाच्या उजव्या पायाकडे बघत होती. त्या पायाला काही कामच नव्हतं. रस्ता पहिल्या वळणापासून खाली उतरत होता तो उतरतच होता. मग तिला आठवलं, गेल्याच आठवड्यात तिने एका नव्या इमारतीत लिफ्ट बसवली होती. माणसांनी गच्च भरलेली लिफ्ट खाली येते, तेव्हा तिची मोटर उलटी फिरून वीज परत देते. धाकटी खिडकीबाहेर बघून स्वतःशीच हसली.

अनुभव केंद्रात पोचेपर्यंत चारशे एकतीस झाले. दारात एक मुलगी ट्रेमध्ये कॉफी घेऊन उभीच होती.

“या, कॉफी घ्या,” मार्गदर्शक म्हणाला. “नंतर आमची व्हॅन तुम्हाला वर सोडेल.”

“आणि ही गाडी?” धाकटीने विचारलं.

“ती आता विश्रांती घेईल.”

भिंतीशी एक निळा पडदा होता. त्याच्या कडेतून अगोदरच्या फेरीची गाडी दिसत होती. तीही विश्रांती घेत होती आणि तिच्या पोटात मनगटाएवढी जाड केबल खुपसलेली होती.

“म्हणजे ही वर कधी येते?”

“आमचे सहकारी आणतात.”

“पण कधी?”

“शोरूम उघडायच्या आधी,” एवढं बोलून गेल्यावर मार्गदर्शकाने ओठ घट्ट मिटले.

धाकटीने सीटबेल्ट काढला नाही, उलट एकदा ओढून तो नीट लागलाय ना ते बघितलं. “मी याच गाडीतून वर येणार.”

“मॅडम, हा अनुभव एकाच दिशेने घ्यायचा असतो.”

“असं कसं? माझी बहीण कपडे शिवते. नवं कापड आधी भिजवते, वाळवते, मगच कात्री लावते. आटणारं कापड कोरडं असताना झक्कच दिसतं हो. तर आपण जरा हे भिजवून बघू.”

भाऊजींचा पारा चढला. “चारचौघांत लाज आणू नकोस! तुला काय कळतं गाडीतलं?”

“गाडीतलं काही नाही कळत, भाऊजी. पण वर-खाली, वर-खाली, वीस वर्षं तेच करतेय.”

आता निकाल काकांच्या हातात होता. काकांनी एकदा व्हॅनच्या उंच पायरीकडे बघितलं, एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि ते सीटमध्ये आणखी दोन बोटं खाली रुतले. “मीही नाही उतरत,” ते म्हणाले. “चारशे एकतीस किलोमीटर जाते ना? मग चार किलोमीटर वर न्यायला काय जड आहे?”

बाहेर आधीच्या फेरीचे लोक माना वर करकरून बघायला लागले होते. मार्गदर्शक मुकाट्याने पुन्हा गाडीत बसला.

धाकटीने ताईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. “ताई, पडद्यावर काय दिसतंय?”

“देवमासा.”

“त्याला घालव आणि आकडा आण. रिमोट कुणाकडे आहे?”

“त्या काउंटरवरच्या मुलीकडे. पण ती कशाला देईल मला?”

“मागून तर बघ.”

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग ताईचा, माप घेताना ग्राहकाला सरळ उभं राहायला सांगणारा तो ठाम आवाज. “बाळ, इकडे दे तो. हो, मलाच दे.” देवमाशाचं संगीत मध्येच तुटलं.

“आला गं आकडा. चारशे एकतीस.”

गाडी चढाला लागली. आता त्या उजव्या पायाला भरपूर काम होतं.

“चारशे पंचवीस,” ताई म्हणाली. तिच्यामागे गर्दीची कुजबुज ऐकू येत होती.

“काका, गुदमरतंय का?” धाकटीने विचारलं.

“गुदमरायचं काय राहिलंय आता!”

तिने हात लांब करून एसी लावला. मार्गदर्शकाने असं तोंड केलं की जणू कुणी त्याच्या घरात शिरून फ्रीज उघडला.

“चारशे सोळा... चारशे चार... अगं, हे काय?” फोनमधून एकदम गलका उठला. तिथे आता सगळी खोली एका सुरात आकडे म्हणत होती. “तीनशे त्र्याण्णव!” “तीनशे सत्त्याऐंशी!” भाऊजी समोरच्या आकड्याकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. शेवटच्या वळणावर ते अगदी हळू म्हणाले, “जरा सावकाश घ्या ना हो,” आणि धाकटीला त्यांची खरोखर दया आली.

शोरूमच्या दारात गाडी थांबली तेव्हा आकडा होता तीनशे शहात्तर. गाडी जिथून निघाली होती तिथेच परत आली होती, आठ किलोमीटर फिरून, आणि आकडा छत्तीसने घटला होता. आत कुणीही टाळी वाजवली नाही.

“गाडी बिघडली का?” हात जोडणाऱ्या बाईंनी काळजीने विचारलं.

“गाडी ठणठणीत आहे,” धाकटी म्हणाली. “उतारावर ती गती आवरते, तेव्हा मोटर उलटं काम करून थोडी वीज बॅटरीत परत टाकते. ते खरं आहे आणि छानही आहे. पण ती वीज येते कुठून? गाडी आधी वर चढवताना जी खर्च केली, त्यातलीच ती, तीही थोडीच. चढवायचं काम हे लोक शोरूम उघडायच्या आधी उरकतात. आपल्याला दाखवतात फक्त उतार. आमची भरलेली लिफ्टसुद्धा खाली येताना वीज परत देते, पण म्हणून कुठल्या इमारतीने विजेचं कनेक्शन तोडलंय का?”

“पण एकोणीस किलोमीटर वाढले ना?” कुणीतरी विचारलं.

“वीज तेवढी वाढली नाही. तो आकडा म्हणजे गाडीचा अंदाज आहे. गेल्या काही किलोमीटरमध्ये किती वीज लागली, त्यावरून ती पुढचा हिशोब मांडते. उतारावर, एसी बंद ठेवून, तिला वाटलं जग सगळं उतारच आहे. चढाला लागल्यावर ती घाबरली. सपाट रस्त्यावर पुन्हा जरा सावरेल बिचारी. गाडी खोटं बोलत नव्हती. तिला हवं तेवढंच बोलायला लावलं होतं. आणि आपणही कसले! आपण साधी कोथिंबीरसुद्धा जुडी उलटी करून बघतो. चमत्कार दिसला तर जरूर टाळ्या वाजवा, पण त्याआधी एकदा म्हणा, आता हेच उलटं करून दाखवा. एवढं विचारायला फार शिकलेलं असावं लागत नाही.”

भाऊजी गाडीला टेकून उभे होते. “मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता गं वाढताना,” ते म्हणाले.

“तुमचे डोळे बरोबरच होते, भाऊजी. आकडा वाढलाच होता. का वाढला, ते कुणी विचारलं नाही.”

ताई पुढे आली. रिमोट अजून तिच्या हातातच होता. “मी सही करणार होते,” ती म्हणाली. “पाच वाजता मी सही करून मोकळी होणार होते. एका उतारापायी!” मग तिने रिमोट भाऊजींच्या हातात कोंबला, पर्समधून फोन काढला आणि दुकान घेणाऱ्या माणसाला लावला. “पाच वाजता येऊ नका... नाही, दुकान विकायचं नाही... हो, उघडं असणार ना. पँट आखूड करायची असेल तर या.”

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच हसले. भाऊजीसुद्धा हसले, पण जरा उशिरा.

काका मात्र मार्गदर्शकाला सोडायला तयार नव्हते. “आता खरं सांगा. सरळ रस्ता, एसी लावलेला, चार माणसं. किती जाते?”

मार्गदर्शकाने आजूबाजूला बघितलं. त्याने टायची गाठ सैल केली, आणि पहिल्यांदाच तो साध्या आवाजात, कुणाच्याही घरचा माणूस बोलतो तसा बोलला. “साडेतीनशे जाते. थंडीत थोडी कमी. चांगली गाडी आहे हो, खरंच चांगली आहे.”

“मग हे आधीच सांगायला काय झालं होतं?” ताईने विचारलं.

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही टाळ्या वाजवल्या नसत्या.”

“नसत्या वाजवल्या,” ताई म्हणाली. “पण तुमच्यावर विश्वास ठेवला असता.”