फक्त अडकायचं

गल्लीच्या मागे, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या जागी सुपरमार्केट होणार हे कळल्यापासून पाळणाघरवाल्या मावशींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुपरमार्केटशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. पण मालाचे ट्रक याच गल्लीतून जाणार होते, आणि पाळणाघराचा उंबरा थेट रस्त्यावर उतरत होता. रांगतं मूल तिथे कोण ठेवणार? मावशींचं घर चालायचं ते या मुलांवरच.

शेवटी गल्लीतल्या निवृत्त हेडमास्तरांनी नामी युक्ती काढली. रस्त्याच्या पाहणीला येणाऱ्या पालिकेच्या साहेबांसमोर रडगाणं गायचंच नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत ट्रक आणायचा आणि मावशींच्या दाराजवळच्या वळणावर अडकवून दाखवायचा. ट्रक मावशींच्या धाकट्या भावाचा होता. "तुला काही करायचं नाही," हेडमास्तरांनी त्याला बजावलं, "फक्त अडकायचं." इतकं सोपं काम त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी सगळं ठरल्यासारखं झालं. ट्रक वळणावर आला आणि तोंड एका भिंतीला, शेपूट दुसऱ्या भिंतीला लावून अडकून बसला. साहेबांनी मान हलवली. "अवघड दिसतंय खरं." मावशींना वाटलं, सुटलो एकदाचे.

इतक्यात साहेबांबरोबरचा कारकून सहज म्हणाला, "रस्त्याचं काही नाही साहेब, ड्रायव्हर नवशिका आहे."

भावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अर्धं आयुष्य त्याने स्टिअरिंगमागे घालवलं होतं. मावशींनी डोळे वटारले, हेडमास्तर खाकरले, पण त्याने रिव्हर्स टाकलासुद्धा.

आणि ट्रक मागे येताना दिसला, की आपल्या लोकांची तोंडं बंद राहतील तर शपथ! "येऊ दे, येऊ दे," इस्त्रीवाला ओरडला. "डावीकडे काप," असं खुद्द हेडमास्तर म्हणाले. मावशी गप्पच राहणार होत्या, पण ट्रकची मागची कड त्यांच्या भिंतीवर यायला लागली, तशा त्याही उंबऱ्यावर येऊन हातवारे करू लागल्या. "बास, बास. आता पुढे घे. उजवीकडे तोड. अजून. हां, आता सरळ चल."

साधा ओरखडाही न उठता ट्रक वळणातून निघाला आणि दारासमोर येऊन उभा राहिला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला, तशा त्या थांबल्या.

"झालं तर मग," साहेब म्हणाले. "एवढा मोठा ट्रक जातोय, म्हणजे प्रश्नच मिटला."

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. वाट दाखवणारा हात अजून तसाच हवेत होता, आणि तो खाली घ्यायचंही त्यांना सुचेना. भाऊ छाती फुगवून खाली उतरला. "बघितलंस ना ताई," असं म्हणता म्हणता बहिणीचा चेहरा पाहून तो जागीच थिजला.

तेवढ्यात एक आई बाळाला न्यायला आली. ट्रक आणि भिंत यांच्यामधून अंग चोरत ती उंबऱ्यावर चढली, वळली, आणि ट्रक दारापासून किती लांब आहे ते बघायला तिने हात पुढे केला. तो थेट ट्रकच्या तापलेल्या पत्र्याला लागला.

"मावशी, हे आता रोज येणार?"

"येणार," मावशी म्हणाल्या. खोटं बोलायलाही त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं.

त्या आईने बाळाला कडेवर घेतलं आणि नेहमी तिथेच राहणारी त्याची उशी, दुपटी, झबली मुकाट्याने गोळा करू लागली. एका हाताने तिला जमेना. तेव्हा मावशीच पुढे झाल्या आणि दुपट्यांच्या घड्या घालून देऊ लागल्या.