रंगाखालचा नंबर

मित्रांनो, कित्येक वर्षं माझ्या पोटात सात शाली होत्या आणि त्यांचा धनी थंडीत कुडकुडत होता. मी एक फौजी ट्रंक आहे, जुनी, काळी आणि स्वभावाने संशयी. अशी का झाले, ते ऐका.

मी नवी होते तेव्हा पलटणीतल्या रंगाऱ्याने माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात रखमाजींचं नाव, नंबर आणि गाव मार्गासनी असं लिहिलं. दर रविवारी रखमाजी माझ्यावरून तेलाचा हात फिरवायचे. आईच्या आजारपणात नऊ वर्षांतच फौजेतून नाव कमी करून घेऊन ते घरी आले, त्यामुळे पेन्शन नाही. पुढे आई गेली, घर पडलं. गावात हात पसरण्यापेक्षा मला डोक्यावर घेऊन ते भोरच्या एसटी स्टँडवर येऊन राहिले. तिथे पहिलं काम काय केलं, तर स्वस्तातला काळा रंग आणून माझ्यावरचं नाव झाकलं. मार्गासनीच्या कुणी वाचलं तर? मला फार वाईट वाटलं.

मग दर सव्वीस जानेवारीला स्टँडवरच्या जुन्या फौजीचा सत्कार करायला कुणीतरी यायचं. शाल, नारळ, फोटो. संध्याकाळी पाहुणे आपापल्या घरी आणि सत्कारमूर्ती फरशीवर. "मानाची शाल फरशीवर कशी हातरू?" असं म्हणून रखमाजी ती माझ्यात ठेवायचे.

म्हणून शुभाताई आल्या तेव्हा मी कडी घट्ट धरली. आंबवड्याला त्या बेघर माजी सैनिकांसाठी निवारा चालवतात. पण बाई माझ्याहून संशयी निघाल्या. गेल्या वर्षी एक तोतया सुभेदार त्यांच्याकडे चार महिने राहून गेला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

"काका, डिस्चार्ज बुक दाखवा."

"भिजून लगदा झाला, ताई."

"सगळे असंच सांगतात. माझ्याकडे एकच खाट रिकामी आहे."

मित्रांनो, चूक माझी होती. माझा तळ गंजला, पाणी आत शिरलं आणि तळाशी ठेवलेलं, फौजेतून सुटल्याचं ते पुस्तक माझ्याच पोटात कुजलं. बोलता येत असतं तर मी तिथेच कबूल केलं असतं.

ताईंचा हात माझ्या झाकणावर थांबला. रंगाखाली त्यांच्या बोटांना अक्षरं लागली होती.

"हे कुणी झाकलं? ट्रंक तुमचीच ना?"

"म्याच झाकलं. गावाला कळाया नगं म्हनून."

"मग मी रंग घासायच्या आधी नंबर सांगा."

रखमाजी उठले. गुडघे कुरकुरले, पण टाचा जुळल्या. सगळा नंबर त्यांनी एका दमात सांगितला. ताईंनी तो तळहातावर लिहिला, समोरच्या गॅरेजातून रॉकेलचा बोळा आणला आणि घासायला लागल्या. मला धडकी भरली. पण पलटणीचा रंग पक्का होता. एकेक आकडा वर आला आणि तळहाताशी जुळला. शेवटी मार्गासनी दिसलं.

ताईंनी बोळा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "चुकलं माझं, काका. चला. एका बाजूने मी धरते."

"फोटू न्हाई काढायचा?" रखमाजींनी विचारलं.

"कशाला?"

तेव्हा कुठे माझी कडी सैल झाली. आता माझ्या तळाला नवा पत्रा आहे आणि शाली निवाऱ्यातल्या सात खाटांवर आहेत. तरी जानेवारी आला की माझा संशय जागा होतोच. म्हणून एक मागणं आहे. जुन्या फौजीच्या खांद्यावर शाल जरूर घाला, मित्रांनो, पण आधी एवढं विचारा, की बाबा, आज झोपणार कुठे?