चार नंबरची मोटर

कोरपन्याजवळच्या एका जिनिंगमधली चार नंबरची मोटर जळाली, तेव्हा फिटर कुलदीपने कागदावर लिहून दिलं की नवी मोटर बंद बॉडीचीच घ्या. इथे हवेत कापसाची लव उडते. उघडी मोटर ती पोटात ओढून घेते आणि पेटते.

मालकांनी उघडीच आणली. "बंद मोटर आतल्या आत उकडून मरते रे. हिले कशी चारी बाजूनं हवा लागते." मोटरच्या तब्येतीची इतकी काळजी घेणारा माणूस कुलदीपने पाहिला नव्हता.

त्याने वाद घातला नाही. मोटर बसवली, नारळ फोडला. मग मुकादमाला गाठून चार नंबरवर कापूस टाकणाऱ्या आपल्या बायकोची, नूतनची, बदली सरकीच्या ढिगाकडे करून घेतली. तिच्या जागी रुखमाबाई आली.

आठव्या दिवशी भरदुपारी मोटर पेटली. रुखमाबाई चंद्रपूरच्या दवाखान्यापर्यंत तेवढी जिवंत पोचली. मालक फार हळहळले आणि या वेळी कोणी न सांगता त्यांनी बंद मोटर मागवली.

मयतीहून आल्यावर नूतनने विचारलं, "मले तिथून काऊन हलवलं होतं तुमी?"

"तुले दम लागते म्हणून."

"मले कधी लागला दम?"

कुलदीप म्हणाला, "म्या तं मालकाले लिहून देल्लं होतं."

"मालकाले लिहून देल्लं," नूतन म्हणाली, "रुखमाबाईले नुसतं तोंडानं सांगाचं होतं."