सावळेरामबाबांना खाली कोण आणणार

करवंदवाडीचा भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा पाऊसच नव्हता. जूनची अखेर होती, आभाळ भरून आलं होतं पण थेंब नव्हता. डोंगराच्या कडेला बसवलेल्या यंत्राची वायर उंदरानं कुरतडली होती, हे नंतर कळलं. त्या दुपारी वाडीला एवढंच ठाऊक होतं, की भोंगा वाजला म्हणजे दरड येणार आणि हातातलं टाकून खालच्या आश्रमशाळेकडं पळायचं. लोक पळाले. शिकवलं होतं अगदी तसं पळाले.

सावळेरामबाबाही पळाले. पायवाटेच्या दुसऱ्या वळणावर, जिथं कातळ शेवाळानं गुळगुळीत झालाय, तिथं त्यांचा पाय सटकला आणि ते कमरेवर आपटले. खुबा मोडला.

शिकवणारी रत्ना तेव्हा जुन्नरच्या एका सभागृहात नव्या बॅचसाठी खुर्च्या मांडत होती. वाडीतून फोन आला तेव्हा तिच्या हातात दोन खुर्च्या होत्या. बोलणं ऐकून तिनं त्या खाली ठेवल्या आणि त्यातल्याच एकीवर बसली.

रत्ना पिंपळवंडीची. आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रकल्पात तालुक्याची प्रशिक्षक म्हणून ती कंत्राटावर लागली, त्याला बरीच वर्षं झाली होती. दर वर्षी कंत्राट संपायचं, थोडे दिवस अधांतरी जायचे, मग पुन्हा सही व्हायची. प्रकल्पाचं नाव मधूनमधून बदलायचं, पडद्यावर दाखवायची चित्रं तीच असायची. भूकंप झाला तर टेबलाखाली बसा, असं एक चित्र होतं. ज्या वाड्यांमध्ये ती ते दाखवायची तिथं टेबल फक्त शाळेत असायचं. माळीण गाव दरडीखाली गाडलं गेल्यापासून जुन्नर-आंबेगावच्या डोंगराखालची माणसं पावसाळ्यात धड झोपत नव्हती, त्यामुळे ती ऐकायची मात्र मन लावून. करवंदवाडीत पहिल्या वर्षी तिला विचारलं होतं, ‘‘तुमी कोनाच्या?’’ काय विचारतायत ते तिला कळलं होतं आणि तिनं सरळ सांगितलं होतं. आता कोणी विचारत नव्हतं. गेल्या गेल्या चहा यायचा.

या वेळी चहा आला नाही.

बाबांचं ऑपरेशन झालं, पण पाय जोर धरेना. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, वेळ लागेल. ते घरी बाजेवर पडून होते. वाडीनं भोंग्याची वायर उपटून टाकली होती. आणि जिल्हा कार्यालयातून रत्नाच्या वरिष्ठ साधना मॅडमचा तिला फोन आला होता, दिल्लीहून पाहुणे येणार आहेत, तोवर यंत्र चालू दिसलं पाहिजे.

रत्ना बाबांच्या ओसरीच्या कडेला टेकली. बाबांची बायको धोंडाबाई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

‘‘मावशी, भोंगा परत जोडायचाय.’’

‘‘मला कशाला इचारती? त्यांना इचार.’’

बाबा आतून सगळं ऐकत होते. म्हणाले, ‘‘ये, आत ये. बाहेरून काय बोलती.’’

ती आत जाऊन बाजेशी बसली. बाबा रागावलेले नव्हते. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

‘‘तुमचं ऐकलं न्हाई आसतं तर आज मी चालत आसतो,’’ ते म्हणाले. ‘‘पर ते जाऊ दे. मला येक सांग. आता भोंगा वाजला तर वाडी पळंल. मी कसा पळू? मी हितंच. आन ही मला सोडून जानार न्हाई. ही थांबली की हिची भन थांबनार, शेजारची सखूबाई थांबनार. मंग तुजा भोंगा कुनासाठी वाजायचा?’’

भिंतीवर एक फोटो लावलेला होता. वाडीतली तरुण पोरं, अंगात नारंगी जाकिटं, हातात प्रमाणपत्रं, मधे ती स्वतः. माणूस झोळीत कसा घालायचा, कसा उचलायचा, सगळं त्यांना शिकवून झालं होतं. आता त्यातला एकही वाडीत नव्हता. कोणी चाकणला कंपनीत लागलं होतं, कोणी नारायणगावला टेम्पोवर. तिनं त्यांना कधी दोष दिला नाही. तिचा नवरा समाधानही रोज चाकणलाच जायचा.

वाडीतून उतरल्यावर तिनं मॅडमना फोन लावला.

‘‘मॅडम, तिथं बाबांना उचलायला माणूस नाही. आणि ती वाट नीट केल्याशिवाय भोंग्याचा उपयोग नाही. मी मागंच लिहून दिलं होतं.’’

‘‘आपण प्रशिक्षण दिलंय ना तिथं?’’

‘‘दिलंय. ज्यांना दिलं ते चाकणला आहेत.’’

‘‘मग अजून एक बॅच घे,’’ मॅडम म्हणाल्या आणि लगेच त्यांचाच आवाज उतरला. ‘‘मला कळतं गं. पण माझ्याकडं वाटेसाठी काहीच नाहीये. प्रशिक्षणासाठी आहे. वर विचारलं की सांगतात, वाट दुसऱ्या खात्याची. त्या खात्यात ज्या साहेबांना मी सगळं समजावलं होतं, त्यांची बदली झाली. नव्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगतेय.’’

रत्ना ‘बरं’ म्हणाली. भांडायला अंगात जोर लागतो, आणि तिला अजून स्कूटीवरून पिंपळवंडीला जायचं होतं.

प्रकल्पाचं एक चांगलं स्ट्रेचर होतं. ते गोदामात कुलपात होतं, आणि किल्ली ज्या कारकुनाकडे होती तोही बदलून गेला होता. रत्नानं दोन खेपा मारल्या. तिसऱ्या खेपेला ती गोदामाकडं न वळता बाजारपेठेत पीयूषच्या दुकानात गेली.

पीयूषचं हार्डवेअरचं दुकान त्याच्या आजोबांनी, राजस्थानातून आलेल्या पन्नालालशेटनी घातलेलं. पहिल्या प्रशिक्षणाला तो आणि रत्ना एकाच बाकावर होते. त्या बॅचमधली बाकीची मंडळी पांगली, पीयूष दुकानामुळं जागेवर राहिला. तिला बघून तो हसला.

‘‘काय ताई, परत ट्रेनिंग?’’

‘‘ट्रेनिंग नाही. एक माणूस डोंगरावरून खाली आणायचाय.’’

‘‘कधी?’’

‘‘ते पावसाला माहीत.’’

त्यानं जास्त काही विचारलं नाही. ताडपत्रीचं जाड कापड काढलं, खाटेची नवार काढली, आणि दोन दिवसांनी दुकान भावावर सोपवून तिच्याबरोबर वाडीत आला. बांबू वाडीतलेच होते. धोंडाबाईच्या अंगणात बसून त्यानं झोळी शिवली, बाबांची पाठ सरळ राहील अशी मधे फळी घातली. मग प्रश्न आला खांद्यांचा. वाडीत होत्या बायका, म्हातारे आणि शाळेतली पोरं.

‘‘आमीच उचलू की,’’ सखूबाई म्हणाली. ‘‘लाकडाच्या मोळ्या कोन आनतं?’’

बाबा आतून ओरडले, ‘‘बायकांच्या खांद्यावरनं जाऊ मी? लोकं काय म्हनतील?’’

‘‘लोकं हायेत कुठं?’’ धोंडाबाई म्हणाली. त्या घटनेनंतर ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली होती.

पहिल्यांदा झोळीत भाताचं पोतं घातलं. वळणावर पोतं कलंडलं आणि भात वाटेवर सांडला. सगळ्या हसल्या, मग कोणाच्या तरी मनात आलं की हे बाबा असते, आणि हसू थांबलं. पीयूषनं वाटेच्या कडेला लोखंडी पहारी ठोकून दोर ओढून घेतला, धरायला. दुसऱ्या आठवड्यात बाबा स्वतः झोळीत बसले. खाली जाईपर्यंत त्यांनी भोंगा, रत्ना, दिल्ली, सगळ्यांना शिव्या घातल्या. तिसऱ्या वेळी शिव्या कमी झाल्या. शाळेजवळ पोचल्यावर म्हणाले, ‘‘मागची लई हिसके देती. तिला पुढं घ्या.’’

त्या दिवशी धोंडाबाईनं चहा ठेवला, आणि वायर परत जोडायला ती स्वतः रत्नाबरोबर यंत्रापर्यंत चढून गेली.

पाहुणे आले, पण वाट निसरडी म्हणून वर चढले नाहीत. आश्रमशाळेच्या व्हरांड्यातून त्यांनी दूरवरचा भोंगा बघितला. रत्नानं झोळीबद्दल सांगितलं. एका पाहुण्यानं आपुलकीनं विचारलं, ‘‘हे प्रकल्पाच्या कुठल्या घटकाखाली केलंत?’’

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबेना. रत्ना सकाळी रेनकोट चढवत होती तेव्हा समाधान म्हणाला, ‘‘तू गेलीस म्हणून पाऊस थांबणार आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. जाते.’’

त्यानं तिच्या स्कूटीत पेट्रोल आहे का ते बघितलं आणि गेट उघडलं.

ती डोंगराखाली पोचली तेव्हा भोंगा वाजायला लागला होता. या वेळी उंदीर नव्हता, यंत्रातलं पाण्याचं माप खरोखर वर गेलं होतं. ती वाट चढू लागली. पाणी वाटेवरूनच वाहत होतं. अर्ध्यात वरून माणसं येताना दिसली, डोक्यावर इरली आणि खताच्या गोण्यांच्या खोळी, कडेवर पोरं, कोणाच्या हातात शेळीची दोरी. सगळ्यात मागं झोळी होती. कोणी पळत नव्हतं.

वळणावरच्या कातळावर सखूबाईचा पाय घसरला. ती पडली नाही, पण बांबू खांद्यावरून निसटला आणि झोळी एका बाजूला कलली. बाबा किंचाळले. रत्नानं पुढं होऊन बांबू आपल्या खांद्यावर घेतला. शिकवताना तिनं कितीदा तरी सांगितलं होतं, वजन खांद्यावर नाही, कमरेवर घ्या. घेताना तसलं काही आठवलं नाही. एक हात दोराला, एक बांबूला, आणि पुढच्या बाईच्या टाचांवर नजर, एवढंच होतं.

शाळेच्या गुरुजींनी वर्ग उघडून दिले. बाबांना बाकांवर निजवलं. धोंडाबाई त्यांचे पाय पुसत बसली. रत्ना दाराशी भिंतीला टेकून डोंगराकडं बघत राहिली. ढगात काही दिसत नव्हतं. काही पडलं तर आवाज येईल म्हणून सगळेच कान देऊन होते.

काही पडलं नाही. दोन दिवस वाडी शाळेत राहिली, तिसऱ्या सकाळी उघडीप पडली आणि डोंगर होता तसा दिसला, हिरवागार, जागच्या जागी.

‘‘फुकट गेलं,’’ कोणीतरी म्हणालं. भाताची आवणी लांबली होती. सखूबाईच्या कोंबड्या मुंगसानं खाल्ल्या होत्या. रत्नाला वाईट वाटलं आणि त्याचवेळी इतकं हलकं वाटलं, की तिला तिथंच पडून झोपावंसं वाटलं. मॅडमचा फोन आला. ‘‘जीवितहानी शून्य, छान झालं. फोटो आहेत ना?’’ फोटो कोणी काढले नव्हते. मग मॅडमनी सांगितलं, जुन्नरचं काम सप्टेंबरला बंद होतंय, सोमवारपासून तिनं आंबेगावची बॅच सुरू करायची. कंत्राटाचं नंतर कळवू.

शाळेच्या अंगणात बायका झोळीभोवती उभ्या होत्या.

‘‘मला ऱ्हाऊ द्या हितंच पावसाळाभर,’’ बाबा म्हणत होते.

‘‘आन मी? म्हस वर, तुमी खाली?’’ धोंडाबाई म्हणाली. ‘‘मी दिसभर चढ-उतार करू व्हय?’’

उतरताना जितकं जड गेलं त्याच्या दुप्पट चढताना जाणार होतं. बाबांना झोळीत घेतलं. रत्नानं पुढचा बांबू धरला, तिला कोणी सांगितलं नव्हतं. थोडं चढायचं, झोळी दगडावर टेकवायची, दम घ्यायचा, असं करत त्या निघाल्या.

एका थांब्यावर धोंडाबाईनं विचारलं, ‘‘पुढल्या येळला येशील न्हवं?’’

रत्नाला खोटं बोलवेना. ‘‘ठाऊक नाही मावशी. मला आंबेगावला पाठवतायत. पण तुम्हाला आता जमतंय.’’

‘‘जमतंय,’’ धोंडाबाई म्हणाली. ‘‘पर खांदा लई दुखतो गं.’’

‘‘माझाही.’’

मग सखूबाईनं ‘चला’ म्हटलं, आणि सगळ्यांनी एकदम बांबू उचलले.