चार दारांचे अश्रू

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत रांग गेली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली होती. रांगेच्या पुढच्या टोकाला झाडाखाली एक जुनी राखाडी मोटार उभी होती. तिच्याभोवती मेणबत्त्या पेटवलेल्या, आणि पुढच्या दाराशी पांढरी शाल पांघरलेला एक गृहस्थ गुडघे टेकून बसलेला. लोक त्याला अश्रुस्वामी म्हणत.

"मी कोणी नाही," स्वामी घोगऱ्या आवाजात सांगत होता. "मी नुसता निरोप्या. रडणारा तो आहे. देह सुटला, पण आत्मा गाडीत अडकला."

त्याने दार हलवलं. आत डुबुक डुबुक वाजलं. मग त्याने दाराच्या खालच्या कडेला कपाळ टेकवलं, एक हात दाराखाली नेला, डोळे मिटले. दाराखालून पाण्याची धार लागली. गर्दीत कोणीतरी हुंदका दिला आणि बाटल्या पुढे सरकल्या.

हे सगळं हाताची घडी घालून पाहणारी बाई डोळ्यांची डॉक्टर होती. घर तिच्या थोरल्या बहिणीचं, गाडी बहिणीच्या नवऱ्याची. भावोजी हृदयविकाराने अचानक गेले होते. त्यानंतर पावसाळाभर गाडी झाडाखाली भिजत पडली. पुढे एकदा ताईने ती बाहेर काढली, तर वळणावर दारात पाणी डचमळलं आणि ब्रेक दाबताच दाराच्या फटीतून बाहेर आलं. घाबरून तिने शेजारणीला सांगितलं आणि शेजारीण या निरोप्याला घेऊन आली. आता तो भावोजींच्या अभ्यासिकेत राहत होता, त्यांच्याच पलंगावर घोरत होता.

डॉक्टरीणबाईंना आदल्या दिवसापर्यंत यातलं काही ठाऊक नव्हतं. ताई फोनवर "बरं चाललंय" एवढंच म्हणायची. त्या दिवशी सकाळी दवाखान्यात एक शिवणकाम करणारी बाई आली, उजवा डोळा टोमॅटोसारखा लाल आणि बुबुळावर जखम. डोळ्यात काय घातलंत, असं विचारलं तर ती म्हणाली, "पवित्र पाणी. तुमच्या ताईंच्याच अंगणातलं."

ताई त्या राखाडी गाडीत, भावोजी चालवायला बसायचे त्याच्या शेजारच्या जागेवर बसली होती. गाल बसले होते.

"जेवलीस का?" डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून विचारलं.

"तो इथे रडतोय आणि मी जेवू?" ताई पुटपुटली. "मनात काहीतरी राहिलं म्हणून त्याला यातना होतात, असं स्वामी म्हणतात. घर साधनेसाठी दिलं की सुटेल तो. उद्या सही करते."

"ताई, भावोजींना डोळे दोन होते. ही गाडी चारही दारांतून रडते."

ताईने मान फिरवली. डॉक्टरीणबाईंनी पुढे वाद घातला नाही. परत जाताना एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात घोळत राहिली. डोळ्यातलं पाणी वाहून नेणारी नळी तुंबली की डोळा पाझरत राहतो. अशा नळ्या त्यांनी कितीतरी मोकळ्या केल्या होत्या. घरी पोचल्यावर त्या स्वतःच्या गाडीच्या दाराखाली वाकल्या. खालच्या कडेला लांबट भोकं होती. काचेशेजारच्या रबरी पट्टीवरून त्यांनी तांब्याभर पाणी सोडलं, तर क्षणात ते सगळं त्या भोकांतून जमिनीवर आलं. त्या तिथेच उकिडव्या बसून हसल्या.

दुसऱ्या दिवशी गर्दी ऐन भरात असताना त्यांनी आपली गाडी आणून राखाडी गाडीशेजारी लावली.

स्वामीने डोळे बारीक केले. "शंकेखोरांसमोर तो रडत नाही."

"भावोजींना राहू द्या. मी माझी गाडी रडवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे कोणी गेलेलं नाही. नवरा घरी पेपर वाचत बसलाय, हवं तर फोन करून खात्री करा."

कोणीतरी फिसकन हसलं. त्यांनी दाराखालची भोकं चिकटपट्टीने बंद केली आणि काचेवरून पाण्याचा पाइप धरला. मग शेजारणीला दार हलवायला लावलं. डुबुक डुबुक. पट्टी ओढली, आणि धार लागली.

"प्रत्येक गाडीच्या दारात पाणी शिरतं, पावसात शिरतं, धुताना शिरतं. ते बाहेर जावं म्हणून ही भोकं ठेवलेली असतात. ताईच्या गाडीची झाडाच्या पाल्याने तुंबली, एवढंच मुळात घडलं. पण पाऊस थांबून इतके आठवडे झाले, मग पाणी येतं कुठून? ताई, गाडीला रोज आंघोळ कोण घालतं?"

"स्वामी," ताई हळूच म्हणाली. "पहाटे. स्वतःच्या हाताने."

"स्वामी, हात दाखवा तो."

स्वामीने हात शालीत ओढून घेतला. शेजारणीने तो धरून बाहेर काढला. अंगठ्याच्या वाढवलेल्या नखात मेण अडकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी केसांतला आकडा काढला, राखाडी गाडीच्या मागच्या दाराखाली घातला आणि भोकात बसवलेली मेणाची गोळी उकरून काढली. पुढच्या दारातलं पाणी रोज वाहून जायचं म्हणून स्वच्छ दिसायचं, या दारातलं मात्र बरेच दिवस साचून होतं. आता काळा चिखल भसकन बाहेर पडला, कुजलेल्या पानांसकट. वासाने पहिली रांग मागे सरकली.

"हे तुम्ही डोळ्यांत घातलंत," त्या म्हणाल्या. "एका बाईचा डोळा जायची वेळ आली आहे. कोणी चमत्कार दाखवला तर रडू नका, वाका. खालून बघा. वाकून बघितल्याने कोणाचा अपमान होत नाही."

"शाप लागेल," स्वामी बोलला, पण आवाजातला घोगरेपणा कुठे गेला होता कोण जाणे. लोकांनी त्याच्याकडे नीट वळून पाहिलं तेव्हा शाल फाटकापाशी पोचली होती. जन्मात पहिल्यांदाच तो निरोप्याला शोभेल अशा चपळाईने चालत होता.

अंगण रिकामं झालं. ताई त्या चिखलाकडे बघत उभी होती. डॉक्टरीणबाईंना वाटलं, आता ती आपल्याला बोलेल. नवरा दुसऱ्यांदा नेलास म्हणेल.

"म्हणजे त्याला यातना होत नाहीत," ताईने विचारलं.

"नाही ताई."

"तो रडत नव्हता."

"नाही."

ताई पायरीवर बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मग तोंड धुऊन पोटभर जेवली.

शिवणाऱ्या बाईचा डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. सुईत दोरा आता तिला दुसऱ्या डोळ्यानेच ओवावा लागतो. अजूनही अधूनमधून कोणी लांबून बाटली घेऊन येतं. त्यांना फाटकातच उत्तर मिळतं, आणि ते ताई स्वतः देते.

"पाणी हवंय? नळ तिकडे आहे. डोळा दुखत असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि गाडीचं दार डुबडुबत असेल, तर घरी जाऊन भोकं साफ करा. आत कोणी नसतं."